लातूरची आहे, बी.एफ.ए. होतंय, आर्ट गॅलरी चालवायला शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

मांजराकाठची

नमस्कार मंडळी,

मी लातूर जिल्ह्यातली. संभाजीनगरला बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पेंटिंग घेऊन. वर्गातल्या बाकीच्यांचं बरंचसं ठरलंय. कुणी डिप. ए. एड. करून शाळेत कलाशिक्षक होणार, कुणी पुण्याला ॲनिमेशनला जाणार, काही जण खरोखर चित्रकार होतील. माझं मन वेगळीकडेच लागतं. कॉलेजच्या प्रदर्शनात कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर लावायचं हे काम माझ्याकडे होतं. एका मैत्रिणीचं छोटंसं चित्र, वाळलेल्या पाझर तलावाचं, दाराजवळच्या गर्दीत कुणी बघत नव्हतं. ते मी आतल्या भिंतीवर एकटं लावलं आणि आजूबाजूला भरपूर जागा सोडली. संध्याकाळी एका डॉक्टरांनी ते विकत घेतलं. मैत्रिणीइतकाच मला आनंद झाला, आणि तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

मला व्यावसायिक गॅलरीत काम करायचंय आणि पुढे स्वतःची काढायचीय, शक्यतो मराठवाड्यातच. घरी आई-पप्पांना हे काम नेमकं काय असतं हेच सांगता येत नाहीये. मुंबईला जावं का? कुठला कोर्स करावा? इथंच काही सुरू करता येईल का? जाणकारांनी सांगावं.

बालाघाट

ताई, मन मोठं हाय तुमचं, पण खरं बोलतो. आमच्या बीडमधी माणूस वास्तुशांतीला सात घोड्यांचं पोस्टर आणतंय, ते बी उत्तरेच्या भिंतीला का पूर्वेच्या हे गुरुजीला इचारून. तिथं कॅनव्हासला पन्नास हजार कोण देणार? नोकरी बघा आधी.

देवगिरीने_मुंबईला

धागा बघून राहवलं नाही. मी जालन्याचा, मुंबईत फोर्ट भागात एका गॅलरीत काम करतो.

आधी एक घोळ मिटवू. गावाकडं 'आर्ट गॅलरी' म्हटलं की लोकांना मुंबईची जहांगीर आठवते. १९५२ पासूनची ती जागा थोर आहेच, पण तिथली दालनं चित्रकाराला भाड्यानं मिळतात. वर्षानुवर्षं नंबरात थांबायचं, भाडं भरायचं, कॅटलॉग छापायचा आणि आठवडाभर स्वतःच उभं राहून विकायचं. व्यावसायिक गॅलरीचं तसं नाही. ती मोजके चित्रकार निवडते, त्यांच्या कामाची वर्षानुवर्षं पाठराखण करते, प्रदर्शनाचा खर्च स्वतः करते आणि विक्रीतून कमिशन घेते. केमोल्ड हे त्याचं जुनं उदाहरण. १९६३ मध्ये केकू आणि खुर्शीद गांधींनी ती जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केली, २००७ मध्ये ती प्रिस्कॉट रोडला गेली. तिसरा प्रकार लिलावगृहांचा, सॅफ्रनआर्टसारख्या. तिथं चित्र बहुतेक वेळा दुसऱ्यांदा विकलं जात असतं. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र २०२१ मध्ये जवळपास ४० कोटींना गेलं ते तिथंच. या तिन्ही ठिकाणची कामं वेगवेगळी, लागणारी माणसंही वेगळी.

आता आई-पप्पांना काय सांगायचं ते. माझा दिवस ओपनिंगच्या संध्याकाळसारखा नसतो. मागच्या खोलीत असतो. चित्र आलं की पेटी उघडायची, सपाट टेबलावर ठेवायचं, बाजूनं तिरका प्रकाश टाकायचा आणि कंडिशन रिपोर्ट लिहायचा. 'खाली उजवीकडं, कडेपासून दोन इंचांवर, तांदळाच्या दाण्याएवढा रंग उडालेला. मागच्या पट्टीवर ओलीचा जुना डाग. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक पाचर नाही.' प्रत्येक नोंदीचा फोटो. चित्र परत जाताना पुन्हा हेच. हा कागद नसेल तर उद्या चित्रकार म्हणेल तुम्ही खराब केलं, ट्रान्सपोर्टवाला म्हणेल आधीपासूनच होतं, आणि विमा कंपनी कुणालाच पैसे देणार नाही.

बाकी वेळ इन्व्हेंटरी (कुठलं चित्र कुठं आहे त्याची यादी), कोटेशन, पाठपुराव्याचे फोन. कुठल्या ग्राहकाच्या घरी कुठलं चित्र आहे, त्याच्या मुलीचं लग्न कधी आहे, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं.

खडू_फळा

बाळा, मी परभणीला कलाशिक्षक होतो, आता निवृत्त. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेल्या पोरांतले किती तरी हात नुसते शेतात किंवा दुकानात गेले, कारण त्यांचं काम कुणी कुणाला दाखवलंच नाही. आपल्याकडं काढणारे भरपूर आहेत, मधला माणूस नाही. तो तू होत असशील तर माझा आशीर्वाद. 'दलाल' म्हणून कुणी हिणवलं तर मनाला लावून घेऊ नको.

वर बालाघाट यांनी सात घोड्यांचं लिहिलंय. भिंतीवर काहीतरी हवं असं त्या माणसाला वाटतंय, हेच मला मोठं वाटतं. आज घोडे आणलेत, उद्या चांगलं काही दाखवलं तर बघेल.

बालाघाट

सर, तुमचा शब्द मानतो. पण बघणं येगळं आन् खिशात हात घालणं येगळं.

गुलमंडी_फ्रेम्स

हात घालतात. मी सांगतो, कारण माझ्या दुकानात घालतात.

आमचं संभाजीनगरला गुलमंडीत फ्रेमिंगचं दुकान, वडिलांपासूनचं. केमोल्डचं नाव वर आलंय म्हणून लिहितो: केकू गांधी आधी फ्रेमच्याच धंद्यात होते. केमिकल मोल्डिंग्ज या कंपनीच्या नावातूनच 'केमोल्ड' आलं. दुकानात फ्रेमा लटकायच्या, त्यांत तरुण चित्रकारांची चित्रं लावली जायची, आणि त्यातून गॅलरी उभी राहिली. त्यामुळं फ्रेमच्या दुकानाला कमी समजू नका, ताई.

आमच्याकडे येतात कोण? नवीन हॉस्पिटल बांधणारे डॉक्टर, वाळूज-शेंद्र्याचे कारखानदार, हॉटेलवाले, इंटिरियर डिझायनर. डिझायनर म्हणतो, 'रिसेप्शनच्या मागं सहा बाय चार पाहिजे, निळ्या रंगात.' आज त्याला मी प्रिंट देतो, कारण दाखवायला ओरिजिनल नसतंय. इथल्या वीस चित्रकारांच्या कामाची नीट फोटो, माप आणि किंमत असलेली फाइल कुणी हातात दिली तर मी उद्यापासून ती दाखवीन.

आणि एक कामाची गोष्ट. कागदावरच्या कामाला ॲसिड-फ्री माउंटच (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) लावायचा. साधा पुठ्ठा लावला की काही वर्षांत कडेनं पिवळी पट्टी उमटते. काच चित्राला चिकटू द्यायची नाही, मध्ये माउंटची जाडी हवीच. दिवाही जवळून मारायचा नाही, कागदाला ५० लक्सच्या वर प्रकाश नको म्हणतात. आपल्याकडं दुसरा त्रास हवेचा. मुंबईच्या दमट हवेत ताणलेला कॅनव्हास मे महिन्यात इथं आला की ताण बदलतो, चौकट वाकते. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात पाचरी असतात, हलक्या हातानं ठोकून ताण जमवायला. मुंबईत भीती बुरशीची, आपल्याकडं उन्हाची आणि धुळीची. गॅलरी काढशील तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर काही लावू नको, ती एप्रिलपासून तापते.

मांजराकाठची

काका, पाचरीचं आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं! सुट्टीत तुमच्या दुकानात काम शिकायला येऊ का? पगार नको.

गुलमंडी_फ्रेम्स

ये की. पण पगार घ्यायचा. फुकट काम करायची सवय लावून घेऊ नको, पुढं चित्रकारांनाही फुकट मागशील.

निळा_तळ

मी चित्रकार, धाराशिवचा. गॅलरीचं एवढं कौतुक चाललंय तर दुसरी बाजूही येऊ द्या. एका शहरातल्या गॅलरीनं माझी कामं प्रदर्शनासाठी नेली. लेखी काही नाही. विकलेल्या चित्राचे पैसे महिनोन्‌महिने आले नाहीत, न विकलेली परत आली तेव्हा एका कॅनव्हासला मागून टोचा पडलेला. विचारलं तर 'आधीपासूनच असेल.' वर देवगिरी यांनी लिहिलेला तो कंडिशन रिपोर्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. वर कमिशन निम्मं. रंग माझा, कॅनव्हास माझा, महिने माझे, आणि निम्मं त्यांचं?

देवगिरीने_मुंबईला

निळा_तळ, तुमच्यासोबत झालं ते चूकच, त्याचं समर्थन नाही. कमिशनबद्दल मात्र बोलू. साधारण ३० ते ५० टक्के असतं. त्यातून जागेचं भाडं, पगार, विमा, छपाई, वाहतूक आणि प्रदर्शनात एकही चित्र न विकलं जाण्याचा धोका निघतो. गॅलरी यातलं काही करत नसेल तर तिला ५० टक्क्यांचा हक्क नाही, हे मीही म्हणतो.

भांडण बहुतेकदा सवलतीवरून होतं. समजा चित्र ६०,००० चं, कमिशन ४० टक्के. सरळ विकलं तर चित्रकाराला ३६,०००, गॅलरीला २४,०००. ग्राहक म्हणाला १० टक्के कमी करा, म्हणजे ६,००० गेले. ते कुणाचे? निम्मे-निम्मे ठरलं असेल तर चित्रकाराला ३३,००० आणि गॅलरीला २१,०००. काही ठरलंच नसेल तर गॅलरी गुपचूप चित्रकाराच्या वाट्यातून कापते, आणि तिथं नातं तुटतं. म्हणून चित्र ताब्यात घेतानाच कागद करायचा: नाव, माध्यम, माप, साल, किंमत, कमिशन, सवलत कुणी सोसायची, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, विमा कुणाचा, परतीचं भाडं कुणाचं, चित्र किती महिने ठेवणार. दोन पानांत बसतं.

किंमत चित्रकाराच्या घरी आणि गॅलरीत एकच असली पाहिजे. ग्राहक गॅलरीत बघून गेला आणि चित्रकारानं त्याला घरी स्वस्तात दिलं, तर त्या चित्रकाराचं काम पुन्हा कुणी मनापासून विकत नाही.

निळा_तळ

हे पटलं. सवलतीची अट लेखी असती तर मी निम्म्यालाही तयार झालो असतो. मांजराकाठची, तुम्ही गॅलरी काढाल तेव्हा हा दोन पानी कागद मराठीत करा. इंग्रजी करारावर आमचे लोक न वाचताच सही करतात.

मी_पैठणकर

+१. मराठीत कराराची कल्पना फार छान.

जरा विषयांतर करतो. आमच्याकडे पैठणच्या जुन्या वाड्यांत चित्रकथीची (चित्रं दाखवत कथा सांगायची ती) जुनी चित्रं निघायची, 'पैठण चित्रं' म्हणूनच ती ओळखली जातात. अजूनही कुणी कुणी म्हणतं, माळ्यावर आजोबांचं काहीतरी आहे, गिऱ्हाईक बघा. अशी चित्रं नव्या गॅलरीनं विकावीत का?

नांदेडची_सीए

अजिबात हात लावू नये! १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. १०० वर्षांहून जुनी चित्रं, शिल्पं पुरावशेषात मोडतात, हस्तलिखितांना ७५ वर्षं. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. शिवाय रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा काहींची कामं १०० वर्षं झालेली नसली तरी राष्ट्रीय ठेवा म्हणून बाहेर नेता येत नाहीत. अशा आजोबांच्या नातवाला संग्रहालयाची किंवा पुरातत्त्व खात्याची वाट दाखवावी.

कराचंही सांगून टाकते. हातानं काढलेल्या चित्रांवर जीएसटी १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. गॅलरीनं फक्त कमिशन घेतलं तर ती सेवा, तिला १८ टक्के. आपण चित्र विकत घेऊन विकतोय की चित्रकाराच्या वतीनं विकतोय, यावर सगळं हिशेबाचं गणित बदलतं. पहिल्या बिलाआधीच सीएकडे जा. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त एका व्यवहारात घेता येत नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. आणि ग्राहकाला प्रामाणिकपणे सांगा की चित्र पुढं नफ्यात विकलं तर भांडवली नफ्यावर कर लागतो. घरातल्या फर्निचरसारखी त्याला सूट नाही.

निळा_तळ, तुमच्यासाठी एक. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही. ग्राहकानं त्याची कॅलेंडरं छापायची ठरवली तर तुमची परवानगी लागते. १०,००० रुपयांच्या वर पुनर्विक्री झाली तर मूळ चित्रकाराला वाटा मागण्याची तरतूद कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये आहे.

निळा_तळ

हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. कलम वहीत लिहून ठेवलं.

लेणीवेडा

विमा आणि नोंदी यांवर बोलणं झालं म्हणून आमच्या अजिंठ्याचं सांगतो. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी तिथं राहून चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती करत होता. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनाला टांगलेल्या असताना १८६६ च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा काम केलं. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दोन पिढ्यांचे कष्ट गेले, आणि मधल्या काळात लेण्यांतली मूळ चित्रंही झिजतच होती. गॅलरीच्या मागच्या खोलीत स्टोव्ह, थिनरचे डबे आणि उघड्या वायरी बघितल्या की मला हेच आठवतं. ताई, पहिला खर्च वायरिंगवर आणि आग विझवायच्या सिलिंडरवर करा.

बालाघाट

लेणीवेडा, लै भारी सांगितलं. हे म्हाईत नव्हतं.

रंगारी_ताई

धागा थोडा मूळ प्रश्नाकडे आणते. कोर्सबद्दल कुणी बोललं नाही. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेचा इतिहास आणि म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) दोन्ही शिकायला मिळतं, खर्चही खासगी संस्थांच्या मानानं आवाक्यातला. मुंबईत फोर्टला ज्ञानप्रवाहमध्ये कलेतिहासाचे वर्ग असतात, नोकरी करता करता जमतात. माझं स्पष्ट मत, 'आर्ट मॅनेजमेंट'च्या नावानं लाखो रुपये मागणाऱ्या छोट्या कोर्सांपेक्षा कलेतिहास पक्का करावा. ग्राहकासमोर उभं राहिल्यावर गायतोंडे आणि रझा यांच्यात काय फरक आहे हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. अकाउंट्स आणि एक्सेल नोकरीत शिकता येतं.

इंग्रजीचा बाऊ करू नको. मी हिंगोलीची, मराठी शाळेतली. बोलायला लागलं की येतं. पण लिहिण्याचा सराव हवा. चित्राबद्दल रोज दहा ओळी लिही, मराठीत लिही, मग इंग्रजीत.

देवगिरीने_मुंबईला

रंगारी_ताईंना अनुमोदन. नोकरीसाठी असं कर. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा फोर्ट-कुलाब्याच्या गॅलऱ्या पायी फिरून बघता येतात, प्रवेश फुकट. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा कलामेळा भरतो, २०२३ पासून. दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर २००८ पासून आहे, फेब्रुवारीच्या सुमारास. या जत्रांच्या आधी गॅलऱ्यांना जादा माणसं लागतात. महिना-दोन महिने आधी मेल टाक. मेलमध्ये 'मला कलेची आवड आहे' असं लिहू नको, सगळेच लिहितात. कॉलेजच्या प्रदर्शनात कुठलं चित्र कुठं लावलं आणि का, हे चार फोटो आणि भिंतीच्या मापांसह पाठव.

सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पेइंग गेस्टचं भाडं आणि लोकलचा पास गेला की हातात फार राहत नाही, हे घरी आधीच मोकळेपणानं सांग. दोन-तीन वर्षं तरी तिथं राहावं असं माझं मत. मोठे संग्राहक कसे विचार करतात ते तिथंच कळतं.

गुलमंडी_फ्रेम्स

इथं मी असहमत. तिथं राहिलेली पोरं परत येत नाहीत. देवगिरी, तुम्हीच आलात का? ताईनं इथं छोट्यानं सुरू करावं. माझ्या दुकानाची वरची खोली रिकामी आहे. महिन्याला एक चित्रकार, बारा-पंधरा कामं, शनिवारी संध्याकाळी डॉक्टर मंडळींना बोलवायचं.

देवगिरीने_मुंबईला

काका, मी परत आलो नाही हे खरंय, आणि त्याचं कारण परत येऊन काम करण्यासारखी गॅलरी तिकडं नाही हेच आहे. पण शिकून न येता सुरू केलं तर निळा_तळ यांच्यासोबत जे झालं तेच पुन्हा होईल, चांगल्या मनानं का होईना.

खडू_फळा

दोघंही बरोबर आहात. सुट्टीत काकांकडे, हिवाळ्यात मुंबईला, असं का नाही होणार?

मांजराकाठची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आई-पप्पांना धागा वाचून दाखवला. पप्पा कंडिशन रिपोर्टपाशी थांबले. ते सोसायटीत सचिव होते, म्हणाले, 'हे तर आपलं रजिस्टरचं काम, हे तुला जमेल.' आई अजून तयार नाही. मुंबईत राहायची सोय कुठं, हे तिला आधी कळायला हवंय.

परीक्षा झाली की गुलमंडीला यायचं नक्की. त्याआधी आमच्या वर्गातल्या आणि दोन वर्षं आधी पास झालेल्या चित्रकारांची फाइल करायला घेतेय: फोटो, माध्यम, इंचांत माप, साल, किंमत. किंमत चौरस इंचावर काढायची की कामावर, यावर वर्गात वाद सुरू आहे. नव्या चित्रकारासाठी काय बरं?

देवगिरीने_मुंबईला

नव्यांसाठी चौरस इंच सोयीचं, कारण मोठ्या-लहान कामांच्या किमतींत मेळ राहतो आणि ग्राहकाला समजावता येतं. फक्त अगदी लहान कामाला दर थोडा जास्त धर, नाहीतर फ्रेमचाच खर्च निघत नाही. दर कमी ठेव. पुढं वाढवता येतो, उतरवला तर आधी घेतलेला ग्राहक दुखावतो. मुलींच्या वसतिगृहाचं मी ऑफिसातल्या सहकाऱ्यांना विचारतो, आईंना सांगण्यासारखं काही कळलं की इथंच लिहितो.

बालाघाट

ताई, त्या फाइलीत पाझर तलावाचं दुसरं चित्र असलं तर मला फोटो धाडा. आमच्या भावाचं अंबाजोगाईला हॉस्पिटल होऊ लागलंय. घोडे नको म्हणतो मी त्याला.